तिरफळावाचून कालवण

“हा शब्द मी शिकणार नाही,” म्हणून हंबीरराजांनी पाटी बाजूला सारली.

शब्द स्पॅनिश होता: एस्तुव्हिएरा. कांदळगडाच्या किनाऱ्याला गलबत लागल्यापासून पाद्री मातेओ राजांना आपली भाषा शिकवत होते. ‘तो आहे’, ‘तो होता’ इथवर गाडी सुरळीत आली आणि ‘तो इथे असता तर’पाशी रुतली. राजांचं म्हणणं, ज्याला हुकूम करता येतो त्याला ‘असता तर’ लागतंच कशाला? हवं ते मागवावं. त्यांनी दवंडीच पिटवली: जो कोणी राजांना या शब्दाची गरज पाडेल, त्याला मागेल ते बक्षीस. हरेल त्याने खाडीपलीकडे चालतं व्हावं.

एक दरबारी पुढे सरसावला. म्हणाला, महाराज पक्षी असते तर? राजे म्हणाले, नाही ना, मग झालं. दरबारी होडीत बसला आणि बाकीच्यांची दातखीळ बसली.

खाडीपलीकडे आधीच एक जण होता, राजांचा आचारी धाकू. ‘खाणाऱ्याने चुलीत नाक खुपसू नये,’ असं तो राजांना तोंडावर म्हणाला होता आणि त्याच दिवशी हद्दपार झाला होता. राजांना मागाहून चुटपुट लागली. पण केलेला हुकूम मागे घ्यायचा म्हणजे केवढा कमीपणा! धाकूची लेक शेवंती मात्र घरी एकटी पडली. तिला बाप परत हवा होता, दुसरं काही नको होतं.

ती वाड्यावर आली आणि म्हणाली, एक वेळचं जेवण रांधते.

तिने बांगड्याचं कालवण केलं. पहिल्या घासाला राजांनी मान डोलावली. दुसऱ्या घासाला हात थांबला. चव थेट धाकूच्या हातची, पण तिरफळाचा वासच नाही. आणि तिरफळावाचूनच्या पाण्याला बांगड्याचं कालवण म्हणणाऱ्याला आमच्याकडे कुणी जेवायला बोलावत नाही.

“छे,” राजे पुटपुटले, “आज धाकू इथे असता, तर तिरफळं विसरला नसता.”

पाद्रीबाबा पाटावरून अर्धे उठलेच. “एस्तुव्हिएरा!”

राजांचे कान लाल झाले. सहज तोंडातून निघालं, ते काही धरायचं नाही, असं ते म्हणू लागले.

“नका धरू, महाराज,” शेवंती म्हणाली. “मग हुकूम करा. हुकूम करूक येता, त्याका ‘असता तर’ कित्याक व्हया, असा तुमीच म्हणतास ना?”

राजे दोन्ही वाटा बोटांवर मोजू लागले. शब्द लागला म्हणावं, तर बक्षीस म्हणून धाकू येतो. नाही लागला म्हणावं, तर हुकमाने धाकू येतो. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हींतून धाकूच वर येतोय! राजांना असं हसू फुटलं की ठसका लागला. त्यांनी लगेच होडी सोडली. तिच्यातून धाकू आला, तो पक्षीवाला दरबारीही आला. शेवंतीला राजांनी खाडीकाठची माडांची बाग देऊन टाकली.

“पण पोरी,” डोळे पुसत राजांनी विचारलं, “एवढी हुशार तू, आणि तिरफळं कशी विसरलीस?”

शेवंतीने पदराची गाठ सोडली. आत ओंजळभर तिरफळं होती.

“इसरूक नाय, महाराज. घातली असती, तर तुमका बाबाची आठवण इली असती?”