पंखवाली आणि राणी

डोंगरउतारावर एक ओढा होता. ओढ्याच्या अल्याड वरची वाडी, पल्याड खालची. दोन्हीकडे काजूच्या बागा. काजूच्या कोवळ्या फुटीवर ढेकण्या नावाचा किडा बसतो, रस शोषतो आणि फूट करपून जाते. त्याला पुरून उरणारे एकच, हुमले. या तांबड्या मुंग्या झाडाची पाने शिवून घरटी बांधतात आणि किड्याला फांदीवर टिकू देत नाहीत. म्हणून त्या मुलखाची रीत होती की हुमल्यांचे घरटे मागणाऱ्याला नाही म्हणायचे नाही.

वरच्या वाडीत घरटे उतरवायचा मान शेवंतीचा. कुठल्या घरट्यात राणी आहे, हे तिलाच कळे. राणीवाचून नेलेल्या घरट्यातल्या कामकरी मुंग्या काही दिवस धावपळ करतात, मग एकेक करून मरतात. मागे अंडी घालायला कुणी उरत नाही.

एका साली खालच्या वाडीची बाग करपू लागली. तिथला धाकू टोपली घेऊन आला. पण त्याच्या वाडीने मागे वरच्यांची गुरे कोंडून ठेवली होती, आणि वरच्या वाडीचे मानकरी दुलबा ते विसरले नव्हते. त्यांनी शेवंतीला बाजूला घेतले.

"पंखवाल्यांचं घरटं दे. खालच्यांना काय कळतंय?"

"त्या राणीच्या लेकी, दुलबा. पावसाळा लागला की उडून जातील."

"तू खोटं बोलू नकोस. नुसती गप्प बस."

शेवंतीने हाताला राख चोळली, झाडावर चढली आणि घरटे उतरवले. धाकूने पान जरासे उचकटले. आत एक मोठी, हिरवट, पंखवाली मुंगी.

"काय थाट आहे राणीचा," धाकू हसला. "शेवंतीबाय, माझी झाडं वाचवलीस."

दुलबा शेवंतीकडे एकटक पाहत होते. राख पुसली गेली होती तिथे मुंग्या तिच्या दंडाला चावत होत्या, तरी तिने हात झटकला नाही. धाकूने टोपली डोक्यावर घेतली. तो ओढ्याच्या दगडांपर्यंत पोचला. अजून चार पावले, की तो पलीकडे जाणार होता.

"धाकू, थांब. ती राणी नव्हे."

"शेवंते," दुलबा दबक्या आवाजात म्हणाले.

ती पुन्हा चढली. शेंड्यावरचे घरटे उतरवून तिने सगळ्यांसमोर ते उघड्या बोटांनी फाडले. बोटांतून रक्त आले.

"नीट बघा. या काटकुळ्या, पळणाऱ्या, त्या कामकरी. आणि ही थोराड, पोट सुटलेली, ही राणी. हिलाही पंख होते. घर मांडायच्या वेळी तिने ते टाकले. खांद्यावर वण आहेत बघा."

धाकू ते घरटे घेऊन गेला. दुलबा म्हणाले, "आपल्यापाशी होती ती एकुलती विद्या वैऱ्याला देऊन आलीस. आजपासून घरटं उतरवायचा मान तुझा नाही."

पुढे एका उन्हाळ्यात डोंगरावर वणवा पेटला. वरच्या वाडीची झाडे कशीबशी तगली, घरटी मात्र एकूण एक जळाली. नवी फूट आली तशी ढेकण्याही आला. दुलबा मागायला जाईनात. कोणत्या तोंडाने जाणार?

एका सकाळी धाकूच टोपली घेऊन ओढा ओलांडून आला. ज्यांनी गुरे कोंडली, ते घरटे तरी खरे देतील का? दुलबांनी पान उचकटले. आधी दिसली ती पंखवाली. त्यांचा चेहरा उतरला.

"आणखी उघडा, दुलबा," धाकू म्हणाला.

खालच्या पानात थोराड, हिरवट, बिनपंखांची मुंगी होती. दुलबांनी वाकून तिच्या खांद्यावरचे वण पाहिले. मग त्यांनी राखेचे मडके उचलले आणि शेवंतीपुढे धरले.

"चढ. हे घरटं फांदीला तूच बांध."

तात्पर्य: खरे ठाऊक असून गप्प बसणे हीही फसवणूकच, आणि वैऱ्यालाही खरे ओळखायला शिकवले, तर तेच ज्ञान संकटात आपल्या कामी येते.