नऊ वळणांची वाट

फार पूर्वी एका राजाने चक्क एका डोंगराला अभय दिलं होतं. तिथे झाड तोडायचं नाही, शिकार करायची नाही. हिंडायला मात्र कोणीही यावं, अर्ध्या वाटेवरच्या झऱ्याचं पाणी प्यावं आणि माथा पाहून घरी जावं. झऱ्यापाशी राखणीला एक म्हातारी राहायची. तिथून माथ्यापर्यंत वाटेला नऊ वळणं होती.

पायथ्याच्या गावात एक तरणाबांड गडी होता. चालण्यात तो कोणाला हार जायचा नाही. एकदा तो वळणं सोडून झऱ्यापासून सरळ वर निघाला.

“आरं लेकरा, वळनानं जा की!” म्हातारी ओरडली.

“आज्जे, झाड तोडलं का म्या? ससा तरी मारला का?” तो हसला. “दोन पावलांनी डोंगर झिजतो व्हय?”

वळणं सोडू नयेत असं राजाच्या हुकमातही कुठे लिहिलेलं नव्हतं. गडी घटकाभरात माथ्यावर पोचला आणि गावभर फुशारक्या मारत फिरला. मग काय, जो तो त्याच वाटेने! बघता बघता गवत मेलं आणि उतारावर तांबडी रेघ उमटली. त्यावर पाऊस पडून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात गड्याचा बाप म्हणाला, “माजं आता काय खरं न्हाई. एकदा त्या झऱ्याचं पानी पाज.”

गड्याने हाताला धरून, बसत उठत त्याला वर आणलं. झऱ्याच्या जागी कोरडा कातळ होता. म्हातारीने मडक्यातलं पाणी दिलं, तेही तिने खालच्या ओढ्यावरून डोक्यावर वाहून आणलेलं. बाप तेच प्यायला.

“झरा कुटं गेला?” गड्याने विचारलं.

म्हातारीने वर बोट दाखवलं. तांबड्या रेघेची आता कमरेएवढी घळ झाली होती.

“पानी बी मानसावानीच, लेकरा. आदी वळनावळनाला थांबायचं, जिरायचं, मग हितं यायचं. तुजी सरळ वाट गावली, आन् तडक खाली पळालं.”

गड्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून तो घळीत दगडांचे आडवे बांध घालू लागला, गवताचे ठोंब लावू लागला. गाव हसलं. “पळनारा गडी रांगाया लागला!” त्याने मान वर केली नाही.

एक पावसाळा गेला, दुसरा गेला. तिसऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात कातळ ओला दिसला, मग करंगळीएवढी धार लागली. बाप तोवर अंथरुणाला खिळला होता. गड्याने तांब्या भरला आणि एक थेंब न सांडता घरी नेला.

बापाने घोट घेतला, डोळे मिटले. “ग्वाड हाय. लई येळ लागला का रं आनायला?”

“तीन वर्सं, आबा.”

तात्पर्य एवढंच: डोंगरावर कोणाचं पाऊल एकटं नसतं. त्याच्या मागून माणसं येतात आणि माणसांच्या मागून पाणी.