चौपट मोठा शंख

समुद्राला अजून मीठ लागायचं होतं, तेव्हाची गोष्ट. दुसऱ्यांनी टाकलेले शंख पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या खेकड्यांत एक बाबल होता. एका ओहोटीला त्याला चौपट मोठा शंख सापडला.

"चार खोल्या निघतील," तो म्हणाला.

खडकाला चिकटलेली कालवमामी म्हणाली, "खोल्या मोजल्यास, शहाण्या, वजन कोण मोजणार? जुना सोडलास की तो गेलाच. मागे रांग बघ."

"मामी, तू जन्मात कधी हललीस?" म्हणत बाबल आत शिरला. जुन्या शंखात लगेच दुसरा घुसला.

भरती चढली, तशी सगळी मंडळी वरच्या वाळूकडे निघाली. बाबलचं घर काही तसूभर हलेना. त्यानं हाका मारल्या. चारी खोल्यांतून हाका आल्या. बिचारा आनंदानं विचारायचा, "कोण आलंय?"