फळ्यावरची नावे

एकदा एक तरुण शिक्षिका रविवारी सकाळी आपल्या जुन्या गुरुजींकडे गेली. तालुक्याच्या हायस्कुलात ती नववीला इतिहास शिकवत असे. गुरुजी निवृत्त होऊन शेजारच्या गावात राहत होते. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "गुरुजी, हा धडा मी आता गुंडाळणार आहे."

धडा साम्राज्यवादाचा होता. तिने तो मनापासून शिकवला होता, नकाशे लावले होते, चित्रे दाखवली होती. शेवटी विराज नावाचा मुलगा उभा राहून म्हणाला, "बाई, मूठभर परके लोक येतात आणि कोट्यवधी माणसं मुकाट्यानं ऐकतात? आपले लोक भित्रेच असणार. आम्ही असतो तर एक दिवस टिकू दिलं नसतं!" त्यावर साऱ्या वर्गाने बाके वाजवली.

"मला उत्तर देता आलं नाही," शिक्षिका म्हणाली. "त्यांच्याकडे तोफा होत्या म्हटलं, तर मुलं हसली. मुख्याध्यापक म्हणतात, प्रश्नोत्तरं लिहून द्या आणि पुढे चला. तेच करते. मार्क तरी पडतील."

इतिहासाच्या तासाला मुले जांभया देतात, हा दोष मुलांचा आहे असे मला कधीच वाटलेले नाही. गुरुजींनाही वाटत नसावे. ते म्हणाले, "लिहून दे की. मुलं पास होतील, आणि आपल्या पणजोबांना भित्रे समजत मोठी होतील. चालेल तुला?"

तिला ते चालणार नव्हते, म्हणून तर ती आली होती.

"मग बुधवारी तुझ्या तासाला मी येतो. तू बाहेर व्हरांड्यात थांबायचंस. मी बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही."

बुधवारी घंटा झाली आणि गुरुजी छत्री घेऊन वर्गात शिरले. मुलांनी त्यांना पूर्वी कधी पाहिलेले नव्हते. त्यांनी नाव सांगितले नाही, काम सांगितले नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीला पुढे बोलावून तिचे नाव विचारले. ती कार्तिकी होती. तिच्या हातात खडू देऊन ते म्हणाले, "जो बोलेल त्याचं नाव फळ्यावर लिही. पुन्हा बोलला तर नावापुढे फुली." एवढे सांगून ते बाहेर गेले आणि शिक्षिकेशेजारी उभे राहिले.

पुढे काय झाले असेल, हे शाळेत गेलेल्या कोणालाही सांगायला नको. दोन मिनिटांत वर्ग चिडीचूप झाला. विराजने शेजाऱ्याकडे खोडरबर मागितला आणि त्याचे नाव लागले. "अगं, रबरच तर मागितला!" म्हणाला, तर फुली पडली. कार्तिकीची जिवलग मैत्रीण तेजल कुजबुजली तेव्हा कार्तिकीचा हात अडखळला. लगेच मागून कोणी म्हणाले, "मैत्रीण आहे म्हणून सोडतेस होय?" तिने तेजलचेही नाव लिहिले. एका मुलाने आपणहून दुसऱ्याची चुगली केली. तिसरा हात जोडून, खुणेनेच, आपले नाव पुसायला विनवत होता. पंधरा मिनिटांत फळ्यावर अकरा नावे झाली. शिक्षिकेला ते बघवेना. ती पुढे सरकली, तर गुरुजींनी हात आडवा धरला.

मग ते आत गेले. "मी कोण आहे?"

कोणाला माहीत नव्हते.

"मला कोणी पाठवलं? ज्यांची नावं लागली त्यांना मी काय करणार होतो?"

तेही कोणाला माहीत नव्हते. दोघे-तिघे हसले, पण ते हसू टिकले नाही. विराज लालबुंद होऊन उठला. "हे सगळं कार्तिकीमुळं झालं. तिनं लिहिलंच कशाला?" मागच्या बाकावरून आवाज आला, "फितूर!" कार्तिकीचे डोळे भरून आले.

"खबरदार!" गुरुजींचा आवाज प्रथमच चढला. "खडू मी दिला. तो देऊन निवांत बाहेर उभा राहिलो मी. आणि तुम्ही चिडता हिच्यावर? परक्या राज्यकर्त्याला याहून अधिक काय हवं असतं? तोफा होत्या, फटके होते, फाशी होती, आणि तो अपराध त्यांचाच आहे. पण दारोदारी तोफ उभी करता येत नाही. म्हणून घरातल्याच एकाच्या हाती खडू द्यायचा. त्याला वाटतं, आपण शिस्त राखतोय. ज्याचं नाव लागतं, तो त्या खडूवाल्याच्याच विनवण्या करतो. बाकीचे आपलं नाव नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतात. सांगा, तुमच्यापैकी भित्रा कोण आहे? कोणीच नाही. तुम्ही साधी, चांगली मुलं आहात. तुमचे पणजोबाही असेच होते. 'तू कोण?' असं पहिल्या दिवसापासून विचारणारेही त्यांच्यात होते. त्यांची नावं फळ्यावर सगळ्यांत वर लागली."

कार्तिकीने डोळे पुसले. "आजोबा, मी खडू खाली ठेवला असता तर?"

"दुसऱ्या कोणाला दिला असता."

"त्यानंही ठेवला असता तर?"

गुरुजी म्हणाले, "तर बाळ, परक्या गावात आलेला मी एक म्हातारा उरलो असतो, दुसरं काय!"

विराज जागेवरून उठला, कार्तिकीजवळ गेला आणि खाली मान घालून म्हणाला, "चुकलं माझं." मग दाराकडे वळून म्हणाला, "बाई, ते सगळ्यांत वर लागलेले लोक कोण होते? पुस्तकात त्यांना दोनच ओळी आहेत."

गुरुजींनी खूण केली तशी शिक्षिका आत आली. तिने प्रश्नोत्तरांची वही दप्तरात टाकली आणि तास संपेपर्यंत त्या लोकांविषयी सांगितले. मुलांनी इतके प्रश्न विचारले की घंटा कोणाला ऐकू आली नाही.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक तिला जिन्यात भेटले. ते प्रसन्न दिसत होते. "बाई, तासाच्या सुरुवातीला मी तुमच्या वर्गाच्या मागच्या बाजूनं गेलो. काय शांतता होती! नववीचा वर्ग असाच पाहिजे."

"उद्यापासून तसा नसेल, सर," ती म्हणाली. "आणि या धड्याला मला आणखी सहा तास हवेत."