माळ कुणाच्या गळ्यात

प्राणीसुद्धा बुद्धिबळ खेळायचे, तेव्हाची ही गोष्ट. रानातल्या पिल्लांच्या स्पर्धेत खारीचं पोर आणि मुंगसाचं पोर यांचे गुण सारखे झाले. विजेत्याची माळ तर एकच होती. बरोबरी झाली तर काय करायचं, हे पंच गवाकाका आधी सांगायलाच विसरले होते.

"माझ्या पोरानं जास्त डाव जिंकलेत," खार म्हणाली.

"वा गं वा! माझं एकदाही हरलं नाही, ते दिसत नाही का?" मुंगसाची आई फणकारली.

गवाकाका म्हणाले, "बायांनो, निकाल बघून केलेला नियम म्हणजे आपल्या पोराचा लाड. चूक माझी आहे. यंदा दोघंही विजेते; माळ दोघांनी आळीपाळीनं घालावी. पुढच्या वर्षीचा नियम मात्र आत्ताच ठरवा."

"पण तेव्हा कुणाचं पोर पुढे असेल, ते कुठं ठाऊक आहे?" खारीनं काळजीनं विचारलं.

"म्हणूनच तर आत्ता."

मग खार हळूच म्हणाली, "बरोबरी झाली, तर दोघांनी आणखी एक डाव खेळावा."

"आणि त्याआधी दोघांनाही खाऊ द्यावा," मुंगसाची आई म्हणाली. "उपाशीपोटी कुणाचंच पोर नीट खेळत नाही."