विमान उशिरा आहे ना? मग पोहे भिजवा!

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सोनखेडहून हैदराबादला पहिलं विमान उडायचं होतं. सहा वाजून दहा मिनिटं झाली. धावपट्टीवर दोन म्हशी आणि एक बगळा. बगळा उडाला, विमान काही उडालं नाही!

उडणार कसं? पाकोळी एअरवेजकडे विमानच नव्हतं! तिकिटाच्या खिडकीवर 'विमानास विलंब होत आहे' अशी चिठ्ठी डकवलेली, आणि आत माणूस नाही.

साडेआठ वाजेपर्यंत वाट पाहून बहात्तर प्रवासी बॅगा उचलून समोरच्या बंगल्यावर गेले. कंपनीचे मालक रावसाहेब मोहोळकर झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते.

"रावसाहेब, आमचे पैसे परत द्या!"

"तिकिटामागचा कागद वाचा!" रावसाहेब पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "नियम तेरावा. विमान रद्द झालं तरच पैसे परत. रद्द कुठे झालंय? उशिरा आहे!"

"पण विमान आहे कुठे?" एक निवृत्त गुरुजी ओरडले.

"येईल की! गुरुजी, मी कागदाच्या बाहेर एक पाऊल टाकत नाही. आणि ऐका सगळे! माझ्या तोंडून 'विमान रद्द झालंय' अशी कबुली जो काढेल, त्याच्यापायी सगळ्यांना दुप्पट पैसे देईन. लावा जोर!"

कुणी विनवण्या केल्या, कुणी कोर्टाची धमकी दिली. रावसाहेब आपले हसतायत आणि झोका घेतायत.

त्या गर्दीत कडेवर लेक घेऊन द्वारका उभी होती. शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी बाई. तिच्या बबडीचा डावा डोळा जन्मापासून नाकाकडे वळलेला. हैदराबादच्या डॉक्टरांनी चार महिन्यांनी तारीख दिलेली, ती उद्या सकाळी नऊची. दीड वर्षाचं लेकरू गाडीत रात्रभर रडेल, या काळजीने तिने साठवलेले सगळे पैसे विमानात घातले होते. आता दुपारी तीनची रेल्वेगाडी मिळाली तरच तारीख गाठता येणार, आणि हातात तर घरी परतायच्या बसपुरतेच पैसे!

ती पुढे झाली. "रावसाहेब, विमान रद्द नाही ना?"

"नाही!"

"नक्की? उशिराच आहे?"

"उशिराच आहे बाई! किती वेळा सांगू?"

"मग झालं तर! गुरुजी, तेराव्या नियमाखालचा चौदावा वाचा हो मोठ्याने."

द्वारकाला तो पाठ होता. विमानात दुधाची बाटली नेऊ देतात की नाही, या धास्तीने तिने तो कागद अकरा वेळा वाचला होता. बाटलीचं त्यात काही नव्हतं. पण गुरुजींनी चष्मा लावून वाचलं, "दोन तासांहून जास्त उशीर झाल्यास चहा, नाश्ता, जेवण व मुक्काम कंपनीतर्फे, विमान उडेपर्यंत!"

"हात्तिच्या!" रावसाहेब हसले. "घ्या की चहा!"

पण द्वारका पदर खोचून केव्हाच स्वयंपाकघरात, रावसाहेबांच्या आचाऱ्यापाशी! "महादूदादा, सहा किलो पोहे भिजवा. कांदे मी चिरते. दुपारी आठ किलोचा भात, तीन किलो डाळ. रात्री पिठलं-भाकरी. अंदाजाची काळजी नको, मी रोज दोनशे पानांचं बघते!"

तासाभरात बंगल्याचा नूरच पालटला. ओसरीवर पंगत बसली. न्हाणीघरापुढे रांग लागली. रावसाहेबांच्या पलंगावर गुरुजी आडवे झाले. "उशी जरा पातळ नाही का मिळणार?" बबडीची ओली दुपटी झोपाळ्याच्या कड्यांवर वाळत पडली, आणि रावसाहेब उभेच!

"अगं, हे किती दिवस चालायचं?"

"विमान उडेपर्यंत. कधी येणार म्हणालात?"

"दिवाळीपर्यंत आणतो."

"आत्ता तर चैत्र चाललाय. महादूदादा, सात महिन्यांची डाळ लिहून घ्या!"

तेवढ्यात आतून रावसाहेबांची बायको आली. "अहो, विसरलात का? बाराला आपल्या रेणूच्या साखरपुड्याचं ठरवायला पाहुणे येतायत! नुकताच फोन आला, निघालेत. बसवू कुठे त्यांना? गुरुजींच्या पोटावर?"

रावसाहेबांना दरदरून घाम फुटला. "उठा, उठा सगळे! जरा तासभर बाहेर फिरून या!"

"छे, छे!" द्वारका पोहे वाढता वाढता म्हणाली. "आम्ही बाहेर जायचं आणि तेवढ्यात विमान आलं तर? चुकेल ना आमचं!"

"नाही येणार गं!"

"असं कसं? उशिरा आहे म्हणजे कधीही येणार. मी तर पाहुण्यांनाही सांगणार, जरा सरकून बसा, आमचं विमान येतंय!"

"अगं बाई, येणार नाही! सांगतो ना, रद्द झालंय ते, रद्द!"

रावसाहेबांनी आपल्याच तोंडावर हात ठेवला.

द्वारकाने डाव खाली ठेवला. "महादूदादा, भात नका टाकू. आम्ही निघालो!"

आधी रावसाहेबांची बायको हसली. मग रावसाहेब हसायला लागले, ते पोट धरून झोपाळ्यावर बसले, दुपट्यांसकट! "हरलो! दुप्पट पैसे आत्ताच्या आत्ता! आणि तुला काय हवं ते माग!"

"तीनच्या गाडीला सोडायला तुमची मोटार."

"दिली! आणि विमान आलं की पहिल्या फेरीपासून खिडकीची जागा तुझी, जन्मभर फुकट!"

"आधी विमान दाखवा रावसाहेब, खिडकीचं मग बघू!"

रावसाहेब पुन्हा असे हसले की झोपाळ्याची कडी निखळली!

बबडीला डॉक्टरांनी गुलाबी चष्मा दिला. तो लावला की ती दोन्ही डोळ्यांनी नीट आईकडे बघते, आणि लगेच काढून चोखायला घेते.

तर मंडळी, तुमच्या ओळखीत कुणी पाकोळीचं तिकीट काढून बसलं असेल, तर एवढा निरोप पोचवा. रावसाहेबांकडे जाताना उपाशी जा. पोहे चांगले असतात!