उंबराची ढोली

डोंगरात माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. झाडं पाखरांना कामाला ठेवत. एका उंबराकडे धनेश पक्ष्याची मादी बिया पेरायला होती. मजुरी फळांत मिळे.

धनेशाची मादी अंडी घालताना ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. तिची पिसं गळतात, मग बरेच दिवस उडता येत नाही. उंबराने कबूल केलं होतं, "ढोली तुझीच. आत बसशील तेवढे दिवस फळं घरपोच."

यंदा बसायचं तिने ठरवलं आणि नेमका नदीपलीकडच्या वडाचा निरोप आला. फळं दुप्पट, पण ढोली दोन हंगाम राबल्यावर.

"जाऊ या," नर म्हणाला.

"आणि दोन वर्षं थांबू? इथे हक्काची ढोली आहे." तिने वडाला नाही म्हणून कळवलं.

उंबर खूश झाला. "पण यंदा फळ उदंड आलंय गं. तू बसलीस तर बिया कोण नेणार? पुढच्या हंगामात बस."

पुढच्या हंगामात तो म्हणाला, "तुझ्याइतकं भरवशाचं दुसरं आहे कोण?"

तिच्याऐवजी वडाकडे गेलेल्या मादीची पिल्लं उडायला लागली. इकडे हंगाम जात राहिले आणि हिचं अंडी घालायचं वय उलटलं.

उंबराची ढोली अजून आहे. कामाला येणाऱ्या प्रत्येक तरुण मादीला तो आधी तीच दाखवतो.

"बघ," म्हणतो, "किती स्वच्छ ठेवलीय. आत एक पीस सापडायचं नाही."